‘राखीव’ या संज्ञेचे दोन अर्थ : जर्मन व ऑस्ट्रो-हंगेरियन पायदळाची युद्धकालीन रचना

पहिल्या महायुद्धाच्या (१९१४–१९१८) इतिहासग्रंथांत ‘राखीव’ हा शब्द पदोपदी भेटतो. मराठी वाचकाच्या मनात त्यामुळे प्रसंगासाठी मागे ठेवलेल्या साठ्याचे चित्र उभे राहते. परंतु जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी या दोन मित्रराष्ट्रांत ‘रेझर्व्ह’ हा शब्द एकच असला, तरी त्यामागील व्यवस्था भिन्न होत्या. आणि त्या भिन्नतेचे परिणाम रणांगणावर दिसून आले.

जर्मनीत पायदळाच्या सैनिकास दोन वर्षे प्रत्यक्ष सेवा करावी लागे. त्यानंतर पाच वर्षे तो राखीव गटात मोडे व पुढे वयोमानानुसार ‘लांडवेर’ आणि ‘लांडस्टुर्म’ या गटांत जाई. युद्ध पुकारले जाताच खड्या रेजिमेंटी भरून काढून उरलेल्या राखीव सैनिकांच्या स्वतंत्र रेजिमेंटी उभ्या केल्या जात. अशा रेजिमेंटीस स्वतःचा क्रमांक असे. तीत सामान्यतः तीन बटालियन, प्रत्येक बटालियनमध्ये चार कंपन्या व एकंदर सुमारे ३,००० माणसे असत. तोफखाना मात्र तोकडा होता : खड्या डिव्हिजनला ७२ तोफा, तर राखीव डिव्हिजनला बहुधा ३६. तरीही ही दले पिछाडीस ठेवण्यासाठी नव्हती. राखीव दले आघाडीवर येणार नाहीत, असे फ्रेंच सेनाधिकारी गृहीत धरून चालले होते. ऑगस्ट १९१४ मध्ये ते गृहीत खोटे ठरले. शब्दाचा रूढ अर्थ व संस्थेचे कार्य एकच मानल्याची ही जबर किंमत होती.

ऑस्ट्रिया-हंगेरीत निराळीच पद्धती होती. तेथील सामाईक सैन्यात १९१४ साली १०२ पायदळ रेजिमेंटी होत्या. राखीव सैनिक त्यांच्यातच मिसळत आणि शांततेतील तुटपुंज्या कंपन्या युद्धसंख्येस पोहोचत. मागे राहिलेल्या पूरक बटालियनमध्ये नवे सैनिक शिकून तयार होत व ‘मार्श-बटालियन’ म्हणून आघाडीकडे रवाना होत. वस्तुतः या बटालियन भरपाईसाठी होत्या. तथापि १९१४ च्या गॅलिशियातील मोहिमेत, मशीनगन व पुरेसा तोफखाना नसताही, त्यांना लढाईत उतरविण्यात आले.

या पद्धतीचा भाषेशी निकटचा संबंध होता. सामाईक सैन्यात भाषेचे तीन स्तर मानलेले होते. हुकमांची भाषा जर्मन होती. ‘हाब्ट अख्ट’ (सावधान) यांसारखे सुमारे ऐंशी हुकूम प्रत्येक सैनिकास पाठ असावे लागत. कार्यालयीन भाषाही जर्मनच होती. शिक्षण व दैनंदिन व्यवहार मात्र ‘रेजिमेंट-भाषे’त चाले. रेजिमेंटीतील किमान २० टक्के सैनिक जी भाषा बोलत, तिला हा दर्जा मिळे. म्हणून एका रेजिमेंटीस दोन, क्वचित तीन भाषाही असत. अधिकाऱ्याने त्या तीन वर्षांत शिकाव्यात, असा नियम होता.

हा नियम शांततेच्या संथ काळावर बेतलेला होता. १९१४ च्या पहिल्या काही महिन्यांतच भाषा जाणणारे अनेक धंदेवाईक अधिकारी मारले गेले, जायबंदी झाले वा कैद झाले. त्यांच्या जागी आलेले राखीव अधिकारी बहुधा ‘एकवर्षीय स्वयंसेवक’ योजनेतून तयार झालेले सुशिक्षित तरुण होते. त्यांच्यापैकी अनेकांना आपल्या सैनिकांची भाषा येत नव्हती. ऐंशी शब्दांनी कवायत करून घेता येते. परंतु खंदकातील धोका समजावणे, वा भेदरलेल्या माणसास धीर देणे त्यांतून साधत नाही.

अशा फौजेच्या अपयशाचा अर्थ कसा लावला जाई, याचे उदाहरण प्रागच्या २८ व्या रेजिमेंटीचे आहे. एप्रिल १९१५ मध्ये कार्पेथियन पर्वतात तिचे बरेच सैनिक रशियनांच्या हाती लागले. चेक सैनिकांनी राजद्रोह केला, असा ग्रह होऊन ती रेजिमेंट बरखास्त झाली. पुढे ती पुन्हा उभारण्यात आली. उत्तरकालीन संशोधनाने त्या घटनेची लष्करी कारणे पुढे आणून राजद्रोहाचे स्पष्टीकरण अपुरे ठरविले आहे.

यास्तव ‘राखीव’ या शब्दाचे भाषांतर करताना त्यामागील संस्थेचाही विचार केला पाहिजे. जर्मनीत तो शब्द स्वतंत्र लढाऊ दलाचा वाचक होता. ऑस्ट्रिया-हंगेरीत तो जुन्या रेजिमेंटीत सतत ओतल्या जाणाऱ्या माणसांचा वाचक होता. या दुसऱ्या व्यवस्थेत रिकामी जागा माणसाने भरून निघे. परंतु माणसामाणसांतील भाषेचा तुटलेला दुवा तितक्या सहज सांधला जात नसे.