इअरबड्स घेताना कानाला विचारा

हल्ली कान दुखतो म्हणून आलेली तरुण मंडळी औषधाआधी विचारतात, ‘‘डॉक्टर, बिनवायरचे इअरबड्स कोणते चांगले?’’ बाजारात मुख्यतः दोन तऱ्हा आहेत. एक कानाच्या खोलगट भागात नुसते टेकणारे. दुसरे सिलिकॉनच्या टोपीचे, कानाच्या नळीत घट्ट बसणारे.

पहिल्यांत कान कोंदत नाही, घरात कुणी हाक मारली तर ऐकू येते. पण फट राहत असल्याने डग्ग्याचा घुमारा निसटतो आणि एस.टी.च्या घरघरीत माणूस आवाज वाढवतच जातो. खरा धोका इथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो. तोच 90 झाला की फक्त 4 तास! अंतर्कर्णातील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

टोपीवाल्यांत बाहेरचा गोंगाट अडतो, त्यामुळे कमी आवाजातही गाणे भरीव लागते. एस.टी.त बसून ऐकायचे तर माझे मत यांनाच. टोपी मात्र आपल्या कानाच्या मापाची हवी. सैल असली तर पैसे फुकट. पावसाळ्यात ओल्या कानात ते तासन्तास कोंबले तर बुरशी धरते, मधुमेह्यांनी विशेष जपावे. स्कूटर चालवताना तर दोन्ही नकोत.

एका बाजूचा आवाज बसला की लोक नवा जोड घेतात. आधी जाळी पाहा, बहुधा मळ अडकलेला असतो. कोरड्या मऊ ब्रशने झटका. इअरबड्स काढल्यावरही कानात शिट्टी वाजत राहिली, तर मात्र तपासून घ्या.