स्टीलहेडला पाण्यातच राहू द्या

मासा म्हटला की आपल्या माणसाला आधी तवा आठवतो, मग रवा आणि मग सोलकढी. त्यामुळे ऐन हिवाळ्यात, भर पावसात चार तास गाडी हाकत जायचं, छातीपर्यंतचा रबरी पोशाख चढवून बर्फासारख्या पाण्यात उभं राहायचं आणि दिवसाकाठी एखादा मासा लागलाच तर तो सोडून द्यायचा, हा उद्योग ऐकला की मंडळाच्या कार्यक्रमात लोक आमच्याकडे काळजीने पाहतात. "मग घरी आणता तरी काय?" हा प्रश्न ठरलेला. उत्तरही ठरलेलं: सर्दी!

आम्ही म्हणजे सिअॅटलच्या आसपासची चार-पाच मराठी घरं. हल्ली मुलंही बरोबर येतात आणि इतर कुटुंबंही "आम्हांला न्या" म्हणू लागली आहेत. म्हणून या माशाबद्दल आणि त्याला हाताळण्याबद्दल चार गोष्टी लिहून काढाव्यात असं ठरलं.

स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट यांची जात एकच. एक भाऊ गावच्या नदीतच राहतो, दुसरा परदेशी जातो. नदीत साधारण दोन वर्षं वाढून तो समुद्रात उतरतो, दोन-तीन वर्षं पॅसिफिकमध्ये काढतो आणि अंडी घालायला बहुधा जन्माच्या नदीतच परततो. (आपणही "दोन-तीन वर्षांत परत" असंच सांगून निघालो होतो, मासा शब्द पाळतो.) पॅसिफिक सामन एकदा अंडी घातली की मरतो. स्टीलहेड मात्र पुन्हा समुद्रात जाऊन पुन्हा येऊ शकतो. म्हणूनच त्याला जिवंत सोडण्याला विशेष अर्थ आहे.

वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम टोकाला, ऑलिम्पिक द्वीपकल्पावर हो, क्वीट्स, सोल डक, बोगाचील या नद्या वाहतात. आंबोलीची आठवण यावी असा तिथला पाऊस, हो नदीच्या जंगलात वर्षाला सुमारे १४० इंच. इथे दोन प्रकारचे स्टीलहेड भेटतात. एक हॅचरीत वाढवलेला आणि दुसरा नदीतच जन्मलेला, म्हणजे वाइल्ड. ओळखायची खूण सोपी आहे. पाठीवर शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो. हॅचरीवाले तो पिल्लू असतानाच कापतात. पर शाबूत असेल तर मासा वाइल्ड समजायचा आणि सोडायचा.

"हॅचरीत लाखो पिल्लं तयार होतात, मग वाइल्डचं एवढं कौतुक कशाला?" असं आमच्यातल्याच एकाने विचारलं होतं. ओरेगनमधल्या हूड नदीवरचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याचं उत्तर देतो. बंदिस्त जागी वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे स्टीलहेडची नदीत प्रजा वाढवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असं त्यात आढळलं. हॅचरीचा मासा ताटात चालतो. नदीचा वंश मात्र वाइल्ड माशानेच टिकतो.

आणि तो कमी होतो आहे. ऑलिम्पिक द्वीपकल्पावर वाइल्ड स्टीलहेड घरी नेणं २०१६ मध्ये बंद झालं. डिसेंबर २०२० मध्ये किनाऱ्यावरच्या नद्यांत होडीतून मासे धरायला आणि आमिष लावायला बंदी आली. गळ एकाच टोकाचा आणि उलट्या काट्याशिवायचा हवा, असं ठरलं. २०२२ मध्ये तर मासे इतके कमी आले की १ मार्चलाच हंगाम बंद केला. आमच्यातले काही जण कुरकुरले. पण कोकणात पावसाळ्याचे दोन महिने होड्या किनाऱ्याला लागतात आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा होते, हे पाहत वाढलेल्यांना यात नवल वाटू नये. माशाला वेळ द्यावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. मासा सोडला म्हणजे तो वाचला, असं नव्हे. १९९२ मध्ये कॅनडातल्या दोन संशोधकांनी रेनबो ट्राउटना दमेपर्यंत पळवलं. ज्यांना पाण्यातच ठेवलं त्यांतले १२ टक्के बारा तासांत मेले. ज्यांना नंतर ३० सेकंद हवेत धरलं त्यांतले ३८ टक्के आणि ६० सेकंद धरलं त्यांतले ७२ टक्के मेले. हे प्रयोगशाळेतले आकडे. हिवाळ्याच्या थंड नदीत, नीट हाताळलेला मासा बहुधा जगतो. पण आलेखाची दिशा इंजिनिअरला समजावून सांगायला नको. पाण्याबाहेर कल्ल्यांचे नाजूक पदर एकमेकांना चिकटतात आणि धापा टाकणाऱ्या माशाला प्राणवायूच मिळत नाही. आपण शंभर मीटर जीव तोडून धावावं आणि लगेच कुणीतरी नाक-तोंड दाबावं, तसंच हे.

म्हणून आमच्या गटाचे नियम असे. दोरी मजबूत वापरायची, म्हणजे मासा लवकर जवळ येतो. उगाच दमवायचा नाही. जाळं रबराचं, गाठी नसलेलं. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि रोगाला वाट मिळते. मासा वाळूवर, दगडांवर ओढायचा नाही. कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत, शेपटीला धरून उलटा लटकवायचा नाही. गळ पाण्यातच काढायचा. खोल गेला असेल तर दोरी कापायची. मग तोंड प्रवाहाकडे करून, एक हात शेपटीच्या बुडाशी आणि दुसरा पोटाखाली ठेवून हलकेच धरायचं. पुढे-मागे ढकलायचं नाही. त्याने हिसका दिला की सोडायचं.

फोटो? सगळ्यात मोठा मोह हाच. गावी आई-बाबांना पाठवायला मासा छातीशी धरलेला फोटो हवा असतो. पण सोडायचा वाइल्ड स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्ण उचलणं वॉशिंग्टनमध्ये बेकायदा आहे. तेव्हा आम्ही गुडघे टेकून, मासा पाण्यात असतानाच फोटो घेतो. आजोबांना मासा नीट दिसतो, फक्त "केवढा होता?" हे फोनवर सांगावं लागतं. तिथे थोडी अतिशयोक्ती कायद्याला मान्य आहे!

मार्च उजाडला की आणखी एक पथ्य. मादी खड्यांत खळगा करून अंडी घालते आणि त्यावर पुन्हा खडे लोटते. उथळ पाण्यात स्वच्छ, उजळ खड्यांचा पट्टा दिसला की त्यावर पाय द्यायचा नाही. खाली हजारो अंडी असू शकतात.

हे सगळं करूनही नदीच अडलेली असेल तर उपयोग काय? याच द्वीपकल्पावरच्या एल्व्हा नदीवर १९१३ आणि १९२७ मध्ये पुऱ्या झालेल्या दोन धरणांना माशांसाठी जिनाच नव्हता. २०११ ते २०१४ मध्ये ती दोन्ही पाडली आणि उन्हाळ्यात येणारे स्टीलहेड पुन्हा दिसू लागले. धरणांच्या वर पिढ्यान् पिढ्या अडकलेल्या रेनबो ट्राउटमध्ये समुद्रवारीचा वारसा शिल्लक होता, असं जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. धरणं बांधण्याचं शिक्षण घेतलेल्या आमच्यातल्या सिव्हिलवाल्यांना ही बातमी बराच वेळ पचली नाही. पण मुलांना ती फार आवडली.

ज्यांना यायचं असेल त्यांनी अवश्य यावं. लायसन्स काढा, निघण्याच्या आदल्या दिवशी राज्याच्या मत्स्यखात्याचे ताजे नियम पाहा, कारण ते हंगामाच्या मध्यातही बदलतात. मुलांना गळ टाकायला शिकवण्याआधी हात ओले करायला आणि पर ओळखायला शिकवा. डबा मात्र घरून भरपूर आणा. तिथे जेवायला मासे मिळणार नाहीत.