साठीनंतरचे रोजे : पाणी, कातडी आणि पाय

मगरीबच्या अजानला थोडाच अवकाश होता. एका तालुक्याच्या गावातील मशिदीच्या वजूखान्यात एस.टी.तून निवृत्त झालेले एक चालक नळासमोरच्या ओट्यावर बसून वजू करीत होते. वय अडुसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा. हात, तोंड, मग पाय धुऊन झाले आणि ओला पाय तसाच मोज्यात गेला. त्या संध्याकाळी इफ्तारीला त्यांचे जुने सहकारी, म्हणजे एकाच गाडीवर कितीतरी वर्षे सोबत काढलेले वाहक, आवर्जून आले होते. पंगतीत मांडी घालताना त्यांना चालकाच्या मोज्यावर पिवळसर डाग दिसला.

"ड्रायव्हरसाहेब, पायाला काय झालंय?"

"काही नाही हो मास्तर. दुखतसुद्धा नाही."

मास्तरांच्या हातातला खजूर तसाच राहिला. त्यांच्या थोरल्या भावाच्या पायाचा अंगठा असाच 'दुखत नाही, दुखत नाही' म्हणता म्हणता काढावा लागला होता.

दुखत नाही, हेच खरे दुखणे होते. मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बधिर होत जातात. खडा टोचला, चप्पल लागली, पाणी जास्त गरम असले तरी कळत नाही. रक्तातली साखर वाढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो आणि जंतूंना मोकळे रान मिळते. त्यात वयोमानाने कातडी पातळ झालेली असते. तरुणपणी आठवड्यात बुजणारी चीर साठीनंतर महिनाभर रेंगाळते.

चालकाच्या पायाची सुरुवात मात्र अगदी साध्या गोष्टीने झाली होती. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात चिखल्या झाल्या होत्या. भातलावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना आणि आषाढी वारीत पावसात चालणाऱ्या वारकऱ्यांना त्या चांगल्याच ठाऊक असतात. बोटांमध्ये ओल राहिली की कातडी पांढरी पडते, भिजून मऊ होते, बुरशी धरते आणि शेवटी चिरते. नमाजी माणसाचे पाय दिवसातून पाच वेळा ओले होतात. वजूचे पाणी अंगावरच सुकू द्यावे, पुसू नये, अशी समजूत अनेक ज्येष्ठांमध्ये आहे. वास्तविक रुमालाने पाय पुसण्याला धर्माची मनाई नाही. उलट वजूत बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवण्याची, म्हणजे खिलाल करण्याची, रीतच आहे. मधुमेहींनी रोज पाय तपासावेत असे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात, ते फार थोडे जण ऐकतात. नमाजी माणसाचा हात मात्र दिवसातून पाच वेळा आपोआप पायावरून फिरतो. त्यावेळी एकदा नजरही फिरली आणि शेवटी सुती फडक्याने बेचके कोरडे झाले, तर औषधाच्या दुकानात जाण्याची वेळ बहुधा येणार नाही. तळवा दिसत नसेल तर दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून त्यात पाहावे.

वजूखान्याच्या निसरड्या फरशीकडेही मशीद कमिट्यांनी लक्ष द्यायला हवे. साठीनंतर पडणे म्हणजे हाड मोडणे, हे घरोघरी माहीत आहे. एक खरखरीत पट्टी आणि भिंतीला धरायला एक दांडी, याला फार खर्च येत नाही.

आता पाण्याचे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि सुमारे तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ठिकाणी येतो. १९८७ साली तो एप्रिलच्या अखेरीस लागला होता आणि २०२० सालीही २५ एप्रिललाच सुरू झाला. १९८७ च्या त्या मे महिन्यात हे चालक तिशीच्या आत होते. तापलेल्या इंजिनाशेजारी बसून गाडी चालवत त्यांनी सगळे रोजे पुरे केले, याचा त्यांना आजही अभिमान आहे. "तेव्हा जमलं, तर आता घरात बसून का नाही जमणार?" हा त्यांचा नेहमीचा सवाल. ऊन तेच परत येते, शरीर मात्र तेच राहिलेले नसते. वाढत्या वयात तहानेची जाणीवच बोथट होते. मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची ताकद कमी होते. शरीरातले पाणी घटलेले असते, पण घसा कोरडा पडल्याचे कळत नाही. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडायची आणि ती लगेच बसली नाही तर पाणी कमी पडले असे समजायचे, हा जुना उपाय अनेक घरांत केला जातो. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तो फसवा आहे. वयामुळे कातडीचा ताणच गेलेला असतो. पाणी भरपूर प्यायले तरी ती तशीच उभी राहते. त्यापेक्षा कोरडी जीभ, गडद पिवळी आणि थोडी लघवी, उठताना येणारी चक्कर, बोलण्यातला गोंधळ या खुणा पाहाव्यात. रात्री उठावे लागते म्हणून अनेक ज्येष्ठ इफ्तारनंतर पाणी टाळतात आणि सहेरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, दोन तांबे एकदम रिचवतात. त्यातले बरेचसे लघवीवाटे निघून जाते. इफ्तारपासून तरावीहपर्यंत आणि पुढे झोपेपर्यंत थोडे थोडे पीत राहिलेले बरे. सहेरीच्या ताटातले लोणचे-पापड काढून टाकले तर दुपार बरीच सुसह्य होते.

खाजेची तक्रार तर बहुतेक घरांत असते. वयाबरोबर कातडीखालच्या तेलग्रंथी मंदावतात. पोटऱ्या आणि पाठ कोरडी पडते, खवले सुटतात आणि रात्री खाज सुटते. त्यावर लोक काय करतात, तर कढत पाण्याने, भरपूर साबण लावून, घासून अंघोळ करतात. उरलेसुरले तेलही त्यात निघून जाते. पाणी कोमट असावे. साबण काखा, जांघा आणि पाय इतक्यापुरता ठेवावा. अंग टिपून, ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलिन लावावे. टाचांच्या भेगांनाही तेच चालते, बोटांच्या बेचक्यांत मात्र काही चोपडू नये. महागड्या डब्यांतल्या मलमांनी म्हातारपण मागे जात नाही, पैसे मात्र पुढे जातात. अंगावर पुरळ नसताना खाज आठवडेच्या आठवडे राहिली तर साखर, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉईड तपासून घ्यावे. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी रात्री खाज सुटत असेल तर ती बहुधा खरूज असते आणि औषध सगळ्यांनी मिळून घ्यावे लागते.

रोजेदारांना इथे दोन शंका हमखास येतात. अंगाला तेल किंवा मलम लावल्याने रोजा तुटतो का? तुटत नाही. तेलामुळे वजू होत नाही का? अंगात जिरणाऱ्या तेलाची अडचण नाही. पाणी कातडीपर्यंत पोचू न देणारा जाड थर असेल तर तो आधी काढावा लागतो. म्हणून व्हॅसलिन तरावीहनंतर झोपताना लावावे आणि पहाटे धुऊन टाकावे, म्हणजे दोन्ही गोष्टी साधतात. ईदच्या आधी दाढीला काळा रंग देणाऱ्या चाचांनी मात्र जपावे. काळ्या मेंदीच्या नावाखाली मिळणाऱ्या रंगांत अनेकदा पीपीडी नावाचे रसायन असते. वर्षानुवर्षे सोसलेला रंगही एखाद्या वर्षी चेहरा सुजवतो.

मूळ प्रश्न मात्र रोजा ठेवायचा की नाही, हा आहे. आजारी आणि प्रवासी यांना रोजे पुढे भरून काढण्याची, तर ज्यांना ते झेपणारच नाहीत त्यांना एका रोजाबदल्यात एका गरिबाला जेवू घालण्याची सवलत कुराणातील सूरह बकराच्या १८४व्या आयतीत आहे. यालाच फिदिया म्हणतात. ही सवलत पळवाट नाही, तीही त्याच धर्माची आज्ञा आहे. तरीही 'लोक काय म्हणतील' या लाजेपोटी कितीतरी वडीलधारी माणसे गोळ्यांच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलतात. चालकही दुपारची गोळी सरळ सोडून देत होते. सुनेने विचारले की "घेतली, बेटा" म्हणायचे.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या रमजानविषयक मार्गदर्शिकेनुसार साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायला हवा, मग इफ्तारला दहा मिनिटे उरलेली असली तरी. घाम, थरथर, भोवळ जाणवली तरी हाच नियम लागू होतो. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. गोळ्या आणि इन्सुलिनचा हिशेब रमजानच्या सहा-आठ आठवडे आधीच डॉक्टरांकडून करून घ्यायला हवा. मास्तरांसारख्या शेजाऱ्यांनाही हे तितकेच लागू आहे. एकादशी असो की नवरात्र, उपाशी पोटी घेतलेली साखरेची गोळी धर्म विचारून काम करीत नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरच चालकांना दवाखान्यात घेऊन गेले. जखम वरवरची होती, हाडापर्यंत गेली नव्हती. मलमपट्टी झाली, साखर २८० निघाली, रोजे बंद झाले. जखमेला पाणी लावायचे नाही म्हटल्यावर वजूचे काय, या काळजीने चालक कावरेबावरे झाले. इमामसाहेबांनी समजावले, पट्टीवरून ओला हात फिरवला की पुरे, त्याला मसह म्हणतात. आता रोज दुपारी त्यांच्या घरातून एक डबा एका गरजू वृद्धाकडे जातो. सहेरीला सगळ्यांबरोबर उठणे मात्र त्यांनी सोडलेले नाही. नातवंडांना उठवायचे काम त्यांच्याकडे आहे.

परवा पट्टी बदलून येताना त्यांनी मास्तरांना सहज विचारले, "मास्तर, एकादशीला तुम्ही साखर तपासता का?"

मास्तरांनी उत्तर दिले नाही. थोडे पुढे गेल्यावर त्यांनी औषधाच्या दुकानासमोर रिक्षा थांबवायला सांगितली.