ताटाचा फोटो आणि पोटातलं अन्न

भिगवणला हायवेलगतच्या मच्छीच्या हॉटेलात ताट समोर आलं की आधी मोबाईल निघतात. तळलेली चिलापी, वाटीत लालभडक रस्सा, दोन भाकऱ्या, कांदा, लिंबाची फोड. त्या फोटोवरून जेवण मोजायचं ठरवलं तर भाकऱ्या मोजता येतील, मासा कोणता तेही कळेल. पण तर्रीखाली वाटण किती, तळताना माशाने तेल किती प्यायलं, आणि डोकं-काटे वगळून पोटात नेमकं किती गेलं, ते फोटोत दिसत नाही. माणूस काय आणि किती खातो हे मोजणाऱ्यांना आजवर याच प्रश्नांनी छळलं आहे.

या मुलखातल्या लोकांच्या जेवणाचं माप एकदा सरकारने ठरवलं होतं, १८७६-७७ च्या दुष्काळात. इंदापूर आणि तेव्हाचा भीमथडी तालुका होरपळून निघाले होते. सरकारने दुष्काळाच्या पाहणीला पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे पुरेसे मानले. पुणे सार्वजनिक सभेने त्याला विरोध केला, मजूर कामं सोडून निघून गेले. त्याच दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे फोटो काढले. एक पौंडाचा हिशेब अंगावर कसा उतरतो, ते त्या फोटोंत आजही दिसतं.

पुढचं शतक तराजू आणि वाट्यांचं. १९३७ साली कुन्नूरहून आहारशास्त्रज्ञ आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते काढले. १९७२ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत राष्ट्रीय पोषण देखरेख विभाग सुरू झाला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पाहणी होऊ लागली. ठरावीक मापाच्या वाट्या घेऊन माणूस घरात बसायचा. काल पीठ किती मळलं, पातेलं कुठवर भरलं होतं, कोणी कोणत्या वाटीने किती घेतलं, एकेक विचारायचा. घरच्या बाईची पाळी आली की उत्तर असायचं, ‘उरलं ते खाल्लं.’ या उत्तराला कोणत्याच वाटीत माप नाही, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

अशाच आठवून सांगितलेल्या जेवणांतून पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत फार मोठं काम उभं केलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा आहार नोंदवला. २००१ मध्ये निष्कर्ष आले: बाळाच्या आकारमानाशी आईच्या एकूण उष्मांकांचा आणि प्रथिनांचा संबंध दिसला नाही, तो दिसला दूध, पालेभाज्या आणि फळांशी. भाकरीच्या कडेला पडलेली चमचाभर मेथी इतकी महत्त्वाची! नुसते उष्मांक मोजून थांबले असते तर ती हिशेबातून निसटली असती.

परदेशात कॅमेरा तोवर बराच पुढे गेला होता. ब्रिटनमध्ये १९८३ मध्येच फोटोवरून आहार मोजण्याची पद्धत मांडली गेली. २००३ च्या सुमारास अमेरिकेत विल्यमसन आणि सहकाऱ्यांनी कॅन्टीनमधल्या ट्रेचे जेवणाआधी आणि जेवणानंतर असे दोन फोटो घेऊन त्यांतला फरक मोजला. दुसऱ्या फोटोची ही कल्पना मला या सगळ्या शोधांत सर्वांत शहाणी वाटते. २०२१ मध्ये गुगलच्या संशोधकांनी सुमारे ५,००० ताटांचे व्हिडिओ, प्रत्येक घटकाच्या वजनासह, संगणकाला शिकवण्यासाठी खुले केले. ती ताटं मात्र कॅलिफोर्नियातल्या उपाहारगृहांची. आपलं पिठलं आणि आपली आमटी तिथे कुठून असणार?

महाराष्ट्रात कॅमेरा ताटापर्यंत पोचला तो गडचिरोलीत. २०२२ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या तोडसा आश्रमशाळेत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं यंत्र बसवलं गेलं. मुलगी वाढलेलं ताट घेऊन उभी राहते, यंत्र फोटो काढतं आणि जेवण ठरल्याप्रमाणे आहे की नाही हे काही सेकंदांत सांगतं. तिथल्या २२२ मुलींपैकी ६१ कुपोषित आढळल्या होत्या, त्यावरचा हा उपाय. तेव्हाचे सहायक जिल्हाधिकारी शुभम गुप्ता यांच्या पुढाकाराचं मी मनापासून स्वागत करतो. पातळ वरण वाढून रजिस्टरात घट्ट लिहिण्याची सोय या यंत्राने कमी होते, आणि ज्या मुलींचं म्हणणं कोणी ऐकत नव्हतं त्यांच्या बाजूने पुरावा उभा राहतो.

पण तो फोटो वाढलेल्या ताटाचा आहे. भाजी आवडली नाही म्हणून टाकली, ताप आहे म्हणून दोनच घास गेले, धाकट्या बहिणीला अर्धं दिलं, हे त्याला कळत नाही. २०१५ मध्ये राज्याने आदिवासी भागात अमृत आहार योजना सुरू केली, तिच्यात वाढलेलं आणि खाल्लेलं यांतल्या फरकाची ही समज होती. गरोदर आणि स्तनदा मातेला शिधा घरी नेऊ देण्याऐवजी अंगणवाडीतच एक वेळचं चौरस जेवण बसून खाऊ घालायचं, म्हणजे ते तिच्याच पोटात जाईल.

म्हणून आश्रमशाळांत आणि अंगणवाड्यांत यंत्रं बसवणाऱ्यांना माझी विनंती आहे: ताट परत येतानाचाही फोटो घ्या. त्यात मुलींचे चेहरे नकोत, ताट पुरे. काय उरलं याची यादी त्याच आठवड्यात स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या हातात द्या. आणि वाट्या घेऊन घरोघरी विचारणारा माणूस कामावरून काढू नका.