उपोषण सोडताना

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या गावी 29 ऑगस्ट 2023 रोजी मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी उपोषणाला बसले. 14 सप्टेंबरला, सतराव्या दिवशी, तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हातून फळांचा रस घेऊन त्यांनी ते सोडले. 1943 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी 21 दिवसांचा उपवास संत्र्याच्या रसानेच सोडला होता. इतक्या दिवसांच्या भुकेनंतर पेलाभर रसच का? पोटभर जेवण का नाही?

हा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक मुले ‘पोट आकसलेले असते’ असे सांगतील. ते खोटे नाही. आतड्याचे अस्तर पातळ होते, पाचकरस कमी होतात. पण खरा धोका पोटात नसून रक्तात असतो.

यकृतातील ग्लायकोजेनचा साठा साधारण 100 ग्रॅम असतो आणि तो एका दिवसात संपत येतो. मग शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून ग्लुकोज बनवते. हे फार दिवस परवडणारे नाही. त्यामुळे चरबीवर भार वाढतो, चरबीपासून यकृत कीटोन नावाची द्रव्ये तयार करते आणि मेंदूही त्यांवर चालू लागतो. या काळात इन्शुलिन अगदी कमी असते. पेशींतील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम हळूहळू घटत जातात. मात्र रक्तातील त्यांचे प्रमाण तपासणीत ठीक दिसू शकते, आणि येथेच फसगत होते.

आता अशा माणसाने एकदम गोडधोड जेवण केले, तर रक्तात साखर वाढते आणि स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते. साखर वापरायला निघालेल्या पेशी रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम आत ओढून घेतात. फॉस्फेटवाचून एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, बनत नाही. हृदयाचे ठोके अनियमित होतात, श्वसनाचे स्नायू दुबळे पडतात. साखरेच्या ज्वलनाला लागणारे ब1 जीवनसत्त्वही झपाट्याने संपते आणि त्याचा आघात मेंदूवर होतो. हे सारे बहुधा पहिल्या काही दिवसांतच घडते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीतून सुटलेले काही कैदी अन्न मिळाल्यानंतर दगावले, त्यामागे हेच कारण होते.

म्हणून वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे आकड्यांत बोलतात. दहा दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्याला सुरुवातीस दर किलो वजनामागे दिवसाला 10 कॅलरी, आणि पंधरा दिवसांहून अधिक झाले असल्यास फक्त 5. हिशेब विद्यार्थ्यांनाच करू द्यावा. 60 किलोच्या माणसाला दुसऱ्या प्रकारात 300 कॅलरी होतात. तूप घातलेल्या दोन पुरणपोळ्या ही मर्यादा ओलांडतील! पेलाभर रसात मात्र शंभरच्या आतबाहेर कॅलरी असतात. त्यानंतर चार ते सात दिवसांत आहार वाढवत न्यायचा, ब1 जीवनसत्त्व अन्नाच्या आधीपासून द्यायचे आणि रक्त रोज तपासायचे. रसात फॉस्फेट फारसे नसते, दुधात भरपूर असते. म्हणून पुढच्या टप्प्यात थोडेथोडे दूध उपयोगी पडते.

उपोषणाच्या बातम्यांत ‘सलाइन लावले’ असे वाक्य हमखास असते, आणि मग उपोषण मोडले की नाही यावर पारावर वाद रंगतो. साध्या सलाइनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असते, कॅलरी शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे शंभरही कॅलरी नाहीत. पण उपाशी शरीरात थेट शिरेतून जाणारी ही साखर ब1 जीवनसत्त्व दिल्याशिवाय धोक्याची ठरू शकते.

वजन घटवण्यासाठी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना हीच दक्षता घ्यावी लागते. त्यांना आधी पातळ पदार्थ, मग दाटसर, मग मऊ, आणि काही आठवड्यांनी नेहमीचे अन्न देतात. घासही लहान, सावकाश चावलेला. उलट्या थांबत नसतील तर ब1 जीवनसत्त्वाचा तुटवडा काही आठवड्यांतच जाणवू शकतो. डोळ्यांची हालचाल बिघडणे, तोल जाणे, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे. भरपूर चरबी असलेल्या माणसातही हे घडते, कारण चरबीच्या साठ्यात ब1 नसते.

एकादशीच्या एका दिवसात यांतले काही होत नाही. निरोगी माणसाला दुसऱ्या दिवशी बेलाशक जेवता येते. साबुदाण्याच्या खिचडीवर केलेल्या एकादशीत तर ग्लायकोजेनलाही धक्का लागत नाही.