शाळा आधी की चर्च आधी? कोल्हापुरातला एक जुना वाद

पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांत जिथे जिथे लहानसे चर्च दिसते, तिथे बहुधा त्याला लागूनच एक शाळा असते. या शेजारामागे मोठा वाद आहे आणि त्याचे एक केंद्र कोल्हापूर होते. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधून रॉयल वाइल्डर हे मिशनरी 1852मध्ये कोल्हापुरास आले आणि त्यांनी कामाचा भर शाळांवर ठेवला. दोन-तीन वर्षांतच या मिशनच्या बोस्टन येथील मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन भारतात पाहणीसाठी आले. त्यांचे मत असे पडले की इंग्रजी शाळांवर पैसा घालण्यापेक्षा मराठी बोलणाऱ्या पाळकांच्या, म्हणजे धर्मोपदेशकांच्या, हाती दिलेल्या स्वावलंबी मंडळ्या उभ्या कराव्यात. ‘मंडळी’ म्हणजे इमारत नव्हे, तर एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती समाज. हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण मोडक यांना 1854मध्ये अहमदनगरला पाळकपदाची दीक्षा मिळाली, ती याच काळात. वाइल्डरांना मात्र हे धोरण पटले नाही. 1861मध्ये त्यांनी मिशन शाळांच्या बाजूने एक पुस्तकच छापले आणि मूळ मंडळापासून वेगळे होऊन ते कोल्हापुरात स्वतंत्रपणे काम करीत राहिले. पुढे 1870मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाने हे काम आपल्याकडे घेतले आणि नंतर गगनबावड्यासारख्या घाटवाटांपलीकडे, रत्नागिरीतही, मिशनचे ठाणे उघडले.

पाळक मराठी हवा, हा अँडरसनांचा आग्रह योग्यच होता. पण खेड्यात शाळेवाचून मंडळी टिकत नाही, हे वाइल्डरांनी अधिक अचूक ओळखले होते. खेड्यातला नवख्रिस्ती समाज बहुतांशी महार-मांग वस्तीतला होता, आणि त्यांच्या मुलांना गावच्या शाळेत इतरांच्या बरोबरीने बसू दिले जात नसे. म्हणून वस्तीतच एक खोली उभी राही. आठवडाभर तिथे पाटीवर बाराखडी आणि पाढे गिरवले जात, रविवारी तिथेच गीते गाऊन उपासना होई, मुलांसाठी शब्बाथशाळा म्हणजे रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरे, आणि पाळक दुसऱ्या गावी असला म्हणजे मास्तरच पवित्र शास्त्रातला उतारा वाचून प्रार्थना चालवी. स्वतंत्र चर्च बांधण्याइतकी ऐपत मंडळीला पुढे आली, तेव्हा ते त्या खोलीच्या शेजारीच बांधणे स्वाभाविक होते. ज्यांच्या घरात कोणी कधी अक्षर वाचले नव्हते, त्यांना शास्त्र वाचता यावे म्हणून शिकवलेली अक्षरे अर्ज, खत आणि सावकाराची वही वाचायलाही उपयोगी पडली. या शाळांचे हे ऋण महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात पुरेसे नोंदले गेलेले नाही.

गावच्या शाळेत या मुलांना बरोबरीने बसू न देण्याची परिस्थिती कोल्हापूर संस्थानात बदलली ती राजर्षी शाहू महाराजांमुळे. त्यांनी 1917मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि 1919मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला, त्यामुळे वस्तीतल्या मुलांना मिशनच्या खोलीखेरीज दुसरेही दार उघडले.