हाफ-टन ट्रकला कुटुंबाचा ट्रेलर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत मुलांच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या सुमारास ट्रॅव्हल ट्रेलर विकणाऱ्यांच्या आवारात कुटुंबांची गर्दी होते. फोर्ड एफ-१५०, शेव्हर्ले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० किंवा टोयोटा टुंड्रा यांपैकी एखादा हाफ-टन ट्रक बहुतेकांच्या दारात आधीच उभा असतो. मुलं बंक बेडवर चढून आपापली जागा ठरवून टाकतात, मोठी माणसं स्वयंपाकाचा ओटा आणि फ्रिज पाहतात आणि विक्रेता सांगतो, “तुमचा ट्रक हा सहज ओढेल.”

त्याचं म्हणणं बहुधा खोटं नसतं. आजचा हाफ-टन ट्रक बरंच काही ओढतो. पण ट्रेलर ओढणं, त्याचा भार अंगावर पेलणं, तो सरळ रेषेत ठेवणं आणि वेळेवर थांबवणं ही चार निरनिराळी कामं आहेत. कुटुंब घेऊन निघालेला हाफ-टन ट्रक सहसा ओढण्यात कमी पडत नाही, पेलण्यात कमी पडतो. बहुतेक गैरसमज या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

गैरसमज १ : सगळ्या हाफ-टन ट्रकांची क्षमता सारखीच असते.

वस्तुस्थिती : ‘हाफ-टन’ हे जुन्या काळापासून चालत आलेलं नाव आहे. तेव्हा असा ट्रक अर्धा टन, म्हणजे १,००० पौंड (सुमारे ४५४ किलो) भार वाहू शकतो असं धरलं जाई. आज ते फक्त वर्गाचं नाव उरलं आहे. खरी क्षमता प्रत्येक ट्रकाची वेगळी असते. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या, शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन ट्रकांच्या पेलोडमध्ये, म्हणजे भार पेलण्याच्या क्षमतेत, काहीशे पौंडांचा फरक सापडतो. फोर-व्हील ड्राइव्ह, मोठी केबिन, पॅनोरमिक सनरूफ, विजेवर हलणाऱ्या सीटा, पायऱ्या यांचं वजन ट्रकच्या एकूण मर्यादेतूनच वजा होतं. त्यामुळे जितकं महागडं आणि सजलेलं मॉडेल, तितकी भार पेलण्याची क्षमता अनेकदा कमी.

तुमच्या ट्रकचा आकडा ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडल्यावर चौकटीवर दिसतो. टायरच्या हवेची माहिती देणाऱ्या पांढऱ्या-पिवळ्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती किलो किंवा पौंडांच्या पुढे जाऊ नये, ते छापलेलं असतं. हाच तुमचा पेलोड. त्यात ड्रायव्हरचं वजन आधीच धरलंय अशी अनेकांची समजूत असते. तसं नाही. ड्रायव्हरसकट प्रत्येक माणूस त्या आकड्यातून वजा करायचा.

गैरसमज २ : ब्रोशरमध्ये ११,००० पौंड लिहिलं आहे, म्हणजे ९,००० पौंडांचा ट्रेलर आरामात चालेल.

वस्तुस्थिती : ब्रोशरमधली टोइंग क्षमता सहसा एसएई जे२८०७ या मानकानुसार ठरते. टोयोटाने ते २०११च्या मॉडेलांपासून स्वीकारलं, बाकीच्या मोठ्या कंपन्या मागाहून आल्या. या मानकातली चढाची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या ११ मैलांहून लांब चढणीवर बेतलेली आहे, तीही कडक उन्हात आणि एसी पूर्ण चालू ठेवून. चाचणी कठोर आहे, पण तिच्यात ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं धरतात. मुलं, आइस बॉक्स, सायकली, सरपण यांना तिथे जागा नाही.

ट्रेलरचा पुढचा दांडा ट्रकच्या हुकावर टेकतो तेव्हा तिथे जो भार पडतो, त्याला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलर नीट चालायचा तर हा भार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो, आणि तो सगळा पेलोडमध्ये मोजला जातो.

एक हिशोब मांडून पाहू. समजा स्टिकरवर १,५०० पौंड आहेत. आई, बाबा आणि दोन वाढती मुलं मिळून ५२० पौंड. मागच्या हौद्यातलं सामान १५० पौंड. हौद्यावरचं झाकण आणि नंतर बसवलेल्या वस्तू ५० पौंड. हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा जड संच, ८० पौंड. झाले ८००. टंग वेटसाठी उरले ७००. ते ट्रेलरच्या १३ टक्के धरले तर भरलेला ट्रेलर जास्तीत जास्त ५,४०० पौंडांच्या आसपास जातो. ब्रोशरवर ११,००० होते, हातात त्याच्या निम्मेही उरले नाहीत.

आता पुण्याहून आजी-आजोबा सुट्टीला आले आणि पुढच्या-मागच्या बाकांवर दाटीवाटीने सहाही जण बसले. दोघांचे मिळून २९० पौंड. टंग वेटसाठी उरले ४१०, म्हणजे ट्रेलर ३,१५० पौंडांच्या आसपास. दोन माणसं वाढली आणि ट्रेलर सव्वादोन हजार पौंडांनी घटला. म्हणून हिशोब मांडताना नेहमीचे चौघे धरायचे की पाहुण्यांसकट, हे आधी ठरवा. याच ट्रकचा स्टिकर १,९०० पौंडांचा असता, तर चौघांच्या कुटुंबाला साधारण ८,४०० पौंडांपर्यंतचा ट्रेलर पेलोडच्या हिशोबात बसला असता. तेव्हा ट्रकही अजून घ्यायचाच असेल, तर रंग आणि सीटांच्या आधी दारावरचा स्टिकर वाचा.

गैरसमज ३ : ट्रेलरचं वजन म्हणजे माहितीपत्रकावरचं ‘ड्राय वेट’.

वस्तुस्थिती : ड्राय वेट म्हणजे कारखान्यातून निघालेला रिकामा ट्रेलर. त्या वजनाने त्यात कुणीही मुक्काम करत नाही. एक गॅलन पाणी साधारण ८.३ पौंड भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड वाढले. शिवाय दोन प्रोपेन सिलिंडर, बॅटरी, गाद्या-पांघरुणं, भांडी, किराणा, कपडे, घडीच्या खुर्च्या, पाण्याचे पाइप, चाकांखाली लावायच्या फळ्या. कुटुंबाचा ट्रेलर भरला की ८०० ते १,००० पौंड सहज वाढतात, कधी त्याहून जास्त.

माहितीपत्रकावरचा टंग वेटही असाच फसवा असतो. प्रोपेनचे सिलिंडर आणि बॅटरी बहुतेक ट्रेलरांत अगदी पुढच्या दांड्यावर असतात. त्यामुळे त्यांचं वजन जवळजवळ पूर्णपणे ट्रकवर येतं. पुढच्या कप्प्यात सामान कोंबलं तर भार आणखी वाढतो. निवड करताना ड्राय वेट बाजूला ठेवा आणि ट्रेलरच्या पाटीवरची कमाल वजनमर्यादा, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, धरून हिशोब करा. ती बसली तर पुढे चिंता नाही. ती फारच मोठी असेल, तर निदान ड्राय वेटमध्ये १,००० पौंड मिळवून मगच १३ टक्के काढा.

गैरसमज ४ : ट्रेलरवर ‘हाफ-टन टोएबल’ लिहिलंय, म्हणजे शंकाच नको.

वस्तुस्थिती : हे विक्रीसाठी लावलेलं बिरुद आहे. त्यामागे कुठलीही सरकारी व्याख्या किंवा प्रमाणपत्र नाही. एखादा खास टोइंग पॅकेज घेतलेला, कमी सजावटीचा हाफ-टन ट्रक तो ट्रेलर पेलेलही. तुमचा पेलेल की नाही, हे तुमच्या दारावरचा स्टिकरच सांगेल.

गैरसमज ५ : वेट डिस्ट्रिब्यूशन हिच किंवा एअर बॅग लावली की क्षमता वाढते.

वस्तुस्थिती : टंग वेट ट्रकच्या मागच्या टोकावर पडतो. त्यामुळे मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगची पकड कमी होते आणि हेडलाइट वर रोखले जातात. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे मजबूत दांडे हा भार पुढच्या ॲक्सलकडे आणि थोडा ट्रेलरच्या ॲक्सलकडे वाटतात. कुटुंबाच्या ट्रेलरला ती घ्यायलाच हवी. अनेक हाफ-टन ट्रकांच्या रिसीव्हरवरच्या (हिच बसते त्या खोबणीवरच्या) पाटीवर दोन वेगळ्या मर्यादा असतात: साध्या हिचने ओढताना ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड टंग वेट, आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिचने त्याहून बरंच जास्त.

पण हिच भार वाटते, ट्रकच्या मर्यादा वाढवत नाही. ट्रेलरकडे परत जाणारा थोडा भार हिशोबात सवलत म्हणून धरू नका, तो गाठीला राहू द्या. एअर बॅग आणि जादा स्प्रिंग यांचंही तसंच. त्यांनी ट्रकचा मागचा भाग वर उचलला जातो, पण ॲक्सल, चाकं, ब्रेक आणि फ्रेम तीच राहते.

गैरसमज ६ : टंग वेट जास्त होतोय ना? मग सामान मागे सरकवा.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत धोकादायक सल्ला आहे. टंग वेट १० टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर शेपटीकडून डोलायला लागतो. वारा, शेजारून जाणारा मोठा ट्रक किंवा उतारावरचा वेग एवढं निमित्त त्याला पुरतं. हेलकावे वाढत गेले की ट्रेलर ट्रकलाही आपल्याबरोबर फिरवतो. मागच्या बंपरवर लावलेला सायकलींचा स्टँड, ॲक्सलच्या मागे असलेली भरलेली पाण्याची टाकी, बंक बेडखाली रचलेलं सामान या सगळ्यांनी पुढचा भार नकळत कमी होतो. जड सामान ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, आणि खाली जमिनीलगत ठेवावं. टंग वेट पेलवत नसेल तर लहान ट्रेलर घेणं हाच उपाय.

ट्रेलर डोलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रकचा ब्रेक जोरात दाबू नका. ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरवरची कळ हाताने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ही कळ कुठे आहे, हे निघण्यापूर्वीच हाताला माहीत असायला हवं.

गैरसमज ७ : वजन बसलं की लांबी कितीही चालते.

वस्तुस्थिती : लांब ट्रेलरची सपाट बाजू वाऱ्याला जास्त अडवते आणि ट्रकला जास्त ढकलते. व्हीलबेससाठी, म्हणजे ट्रकच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरासाठी, एक ठोकताळा वापरतात: ११० इंच व्हीलबेसला २० फुटी ट्रेलर आणि पुढच्या प्रत्येक ४ इंचांना एक फूट. चार दारांच्या एफ-१५०चा नेहमीचा व्हीलबेस साधारण १४५ इंच असतो. त्याला साडेअठ्ठावीस फुटांच्या आसपासची लांबी येते. हा नियम नव्हे, अंदाज आहे. पण पहिल्यांदाच ट्रेलर ओढणाऱ्याने त्याच्या आतच राहावं.

समोरून अडणारा वाराही मोजावा लागतो. ट्रेलर आठ फूट रुंद आणि ट्रकपेक्षा बराच उंच असतो. अनेक ट्रकांच्या टोइंग मार्गदर्शिकेत समोरच्या क्षेत्रफळाची मर्यादा दिलेली असते, बऱ्याचदा ६० चौरस फूट. उंच ट्रेलर ती ओलांडतो. म्हणूनच सपाट रस्त्यावरही पेट्रोलचा काटा झपाट्याने खाली येतो.

गैरसमज ८ : इंजिन दणकट आहे, मग घाटाची काय काळजी?

वस्तुस्थिती : चढ इंजिन सांभाळतं. उतारावर मात्र गिअर आणि ब्रेक यांचीच परीक्षा असते. ट्रकचा टो-हॉल (ओझं ओढण्यासाठीचा) मोड लावा, उतार सुरू होण्यापूर्वी वेग कमी करा आणि खालच्या गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ते तापून निकामी होऊ शकतात. चढावरही इंजिनाला मर्यादा असतेच: कोलोरॅडोत आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांहून उंच जातो. इतक्या उंचीवर हवा विरळ असल्याने टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद बरीच घटते, टर्बोवाल्याची कमी घटते. ट्रेलरला स्वतःचे चालू स्थितीतले ब्रेक आणि ट्रकला ब्रेक कंट्रोलर हवाच. बहुतेक राज्यांत ठरावीक वजनापुढे ट्रेलरला ब्रेक असणं कायद्यानेही बंधनकारक आहे.

गैरसमज ९ : टायरची नक्षी शाबूत आहे, म्हणजे टायर चांगला.

वस्तुस्थिती : ट्रेलर वर्षातले बरेच महिने उभा असतो. टायर झिजण्याआधीच जुना होतो. त्याच्या बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ असतील तर तो टायर २०२१च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाच-सहा वर्षं उलटली की बदललेला बरा. बऱ्याच ट्रेलर टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला कायद्याने ५५च आहे.

खरेदीचा क्रम

आधी दारावरचा स्टिकर वाचा. घरच्या सगळ्यांना वजनकाट्यावर उभं करा. सामान आणि हिच वजा करा. उरलेल्या आकड्याला ०.१३ ने भागा आणि आलेल्या उत्तरातून थोडं आणखी कमी करून तो आकडा कागदावर लिहून घ्या. मग ट्रेलर पाहायला जा. आकडा वरच्या चौघांच्या उदाहरणातल्या ५,४०० पौंडांच्या जवळपास आला, तर त्यात २२ ते २५ फुटांचे, बंक बेडचे आणि स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा भाग) नसलेले ट्रेलर सापडतात. चौघांच्या कुटुंबाला तेवढी जागा पुरते.

घेतल्यानंतर पहिल्या सहलीआधी, सगळं भरून आणि सगळ्यांना बसवून, महामार्गावरच्या ट्रक स्टॉपमधल्या कॅट स्केलवर वजन करा. ट्रकची पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसऱ्या पट्टीवर आणि ट्रेलर तिसऱ्या पट्टीवर उभा केला की पावतीवर तिन्ही वजनं वेगवेगळी छापून येतात. टंग वेट काढायचा तर हिचचे दांडे सोडून एकदा ट्रेलरसकट आणि एकदा नुसत्या ट्रकचं वजन घ्या. दोन्ही वेळच्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे टंग वेट. थोडक्या डॉलरांत मिळणारी ही पावती कुठल्याही विक्रेत्याच्या शब्दापेक्षा भरवशाची आहे.

घरातली सगळ्यांत जवळची माणसं त्या ट्रकमध्ये बसणार आहेत. तेव्हा आधी हिशोब करा, मुलांना ट्रेलर त्यानंतरच दाखवा, आणि आकडा बसत नसेल तर कितीही आवडलेला असला तरी तो ट्रेलर घेऊ नका.